कोबाल्टला न विचारता आलेलं चुंबकत्व

बोरसे सरांनी पेढ्यांचा बॉक्स तापलेल्या फर्नेसवर ठेवला आणि हातातला ग्राफ माझ्यासमोर नाचवला. सर म्हणजे आमच्या नाशिकच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे हेड.

"बघा मॅडम! रूम टेंपरेचरला मॅग्नेटिझम! आणि पावडर जितकी घोटू तितकं वाढतंय!"

पेढे खालून पातळ व्हायला लागले होते. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं.

ग्राफ वैशालीचा होता. वैशाली देवळ्याची, सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. मी तिची को-गाइड. ती मनमाडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जितके तास तितके पैसे आणि सुट्टीत ठणठणगोपाळ. वर्ष संपायच्या आत थिसिस सबमिट झाला तर पर्मनंट करू, असं तिथल्या संस्थाचालकांनी कबूल केलं होतं. तिचं सगळं त्या ग्राफवर अडलं होतं.

झिंक ऑक्साइड ही साधी पांढरी पावडर. घामोळ्यांच्या लोशनमध्ये असते, टायरमध्ये असते. चुंबकाला ती अजिबात भाव देत नाही. पण तिच्यातल्या काही झिंकच्या जागी कोबाल्ट बसवलं तर ती चुंबकीय होईल, अशी आशा होती. अशा बसवण्याला डोपिंग म्हणतात. त्यातून नव्या तऱ्हेच्या चिप्स बनतील म्हणून दोन हजार सालानंतर जगभरच्या लॅब याच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. आम्हीही लागलो. आमच्याकडे फर्नेस होती आणि उत्साह होता. चुंबकत्व मोजायचं मशीन नव्हतं, त्यासाठी नमुने पुण्याला पाठवावे लागत.

मला त्या ग्राफमध्ये एक गोष्ट खटकली. कोबाल्ट कमी घाला नाहीतर जास्त, चुंबकत्व तेवढंच. वाढायचं ते फक्त जास्त वेळ घोटल्यावर.

"सर, यात कोबाल्टचा संबंध काय?"

"कण बारीक होतात ना! साइज इफेक्ट!"

"मग एक ब्लँक करू या." ब्लँक म्हणजे सगळी कृती तीच, फक्त कोबाल्ट घालायचं नाही.

"तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही का हो? कॉन्फरन्सला ॲब्स्ट्रॅक्ट पाठवून बसलोय मी!"

वैशालीने ब्लँक केला. घोटून बशीत काढला आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. पांढरी पावडर राखाडी झाली होती. कोबाल्टचे नमुने हिरवे असतात, त्यात हा रंग कधी दिसलाच नव्हता. पुण्याहून रिपोर्ट आला. ब्लँकही चुंबकीय, कोबाल्टवाल्यांइतकाच.

आता संशय उरला खलावर. आमचा अकीक नावाच्या कठीण दगडाचा खल फुटला होता. नवा घ्यायचा तर कोटेशनं, परचेस कमिटी. सर म्हणाले होते, "कमिटीला समजावेपर्यंत मी रिटायर होईन. घरून आण गं एखादा." वैशालीने देवळ्याहून आईचा काळ्या दगडाचा खलबत्ता एसटीत मांडीवर ठेवून आणला आणि लसणाचा वास जाईपर्यंत ॲसिडने धुतला.

वास गेला, दगड राहिला. आपल्याकडचा काळा दगड लाव्हारसाचा. त्यात लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं. मी जुन्या स्पीकरमधला मॅग्नेट दोऱ्याला बांधून खलाजवळ धरला. तो हळूच झुकला आणि खलाला जाऊन टेकला.

"म्हणजे इतके दिवस आपण झिजलेला दगडच मोजत होतो?" वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं.

सरांना मात्र लगेच उपाय सुचला. "दगडाचं नाव कशाला काढायचं? 'मॉर्टर' म्हणजे खल, एवढंच लिहू. वाचणाऱ्याला काय स्वप्न पडणारे?"

"सर, माझं नाव घालू नका त्यात," वैशाली म्हणाली. "मनमाडचं नाही झालं तरी चालेल."

सर पाय आपटत गेले. पण ॲब्स्ट्रॅक्ट त्यांनी मागे घेतला, आणि अकीकच्या खलाला कमिटीने चहा संपायच्या आत मंजुरी दिली. नवे नमुने झाले. सुंदर हिरवे, आणि चुंबकाच्या नावाने शून्य.

"न सापडल्याची पीएचडी कोण देतं?" सर कुरकुरले. वैशालीने तरीही सगळं लिहिलं, खलबत्त्यावर अख्खं प्रकरण घातलं.

व्हायवाला आलेल्या परीक्षकांचे याच विषयावर स्वतःचे भरपूर पेपर होते, सगळे चुंबकीय. ते प्रकरण त्यांनी दोनदा चाळलं. मग "एक मिनिट हं" म्हणून व्हरांड्यात गेले. दाराआडून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला, "अरे, आपला खल कसला आहे? रंग सांग, रंग!"

डिग्री मिळाली. पण पुन्हा सगळं करण्यात मुदत उलटली आणि मनमाडची जागा दुसऱ्याला गेली. त्याचा मला अजून राग येतो. वैशाली अंबडला एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये लागली. ब्लँक केल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही, म्हणून प्रॉडक्शनवाले तिच्या नावाने बोटं मोडतात.

मला विचाराल तर, निकाल मनासारखा आला की आधी आपली भांडी तपासावीत. नावडता निकाल आपण तसाही दहा वेळा तपासतोच.