नातीचा डबा

पोषण केंद्राची स्वयंपाकीण पहाटे साडेचारला कामाला लागायची. तरी माझा तिच्यावर भरवसा नव्हता. दोन महिने केंद्रातून डबा येत होता आणि नातीचं वजन गुंजभरही वाढलं नव्हतं. बाई डाळ घरी पळवते, असं मी धरूनच चाललो होतो.

मी चाळीस वर्षं पोती वाहिली. एके दिवशी केंद्रात जाऊन नातीचा डबा हातात तोलून पाहिला. भरलेला होता. तरीही म्हणालो, "पिशवी दाखव."

तिनं पिशवी उलटी केली. चष्मा आणि छत्री पडली.

"झाली झडती, काका? आता घरची घ्या. डबा तिथं कोण संपवतं?"

घरी सून तो डबा चौघांच्या ताटांत वाढायची. एकट्यानं खाऊ नये, हे मीच तिला शिकवलं होतं. सगळ्यात मोठा वाटा माझा असायचा.

मी सुनेला बजावतो म्हणालो. बाईंचा विश्वास बसला नाही. आता सगळी मुलं केंद्रातच, त्यांच्या डोळ्यांदेखत जेवतात. त्यासाठी चौदा छोट्या ताटल्या त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतल्या.