हवा चांगली होती

"यंदा हवेनंच घात केला," असं माझे सासरे आठ दिवस दूध डेअरीवर येईल त्याला सांगत होते. धादांत खोटं! लग्न होऊन पलूसकडच्या या भागात आल्यापासून त्या वर्षीसारखी हवा मी बघितली नव्हती. दसऱ्यानंतर छाटणी झाली आणि पावसानं जे तोंड लपवलं ते परत दाखवलं नाही. जानेवारीत रात्री कडक थंडी, दिवसा लख्ख ऊन. मणी बारीक, काळेभोर, एक चुरगळला तरी बोटं जांभळी व्हायची.

नवरा फौजेत, त्यामुळे वाइनच्या द्राक्षांचा तो एक एकर माझ्या एकटीच्या हातचा. वाइनरीचे साहेब म्हणाले होते, "गोडी अशीच चढली तर यंदा तुमच्या मळ्याची वाइन वेगळी काढू, लेबलावर तुमच्या गावाचं नाव टाकू." अट एकच. तोडणीपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. वेल तहानला की रस घट्ट होतो.

हे मी सासऱ्यांना दहादा सांगितलं. पण मामांचा जन्म गेला खायची द्राक्षं पिकवण्यात. टपोरा मणी म्हणजे इज्जत! तोडणीला चार दिवस राहिले आणि मी दोन दिवस वाईला माहेरी गेले, चुलतभावाच्या लग्नाला. परत येऊन बघते तर वेलांखालची माती गच्च ओली. मणी फुगलेले, काही तडकलेले, वर माश्या. साहेबांनी गोडी मोजायच्या यंत्रावर दोन थेंब टाकले, डोळा लावला आणि म्हणाले, "ताई, हे आता सगळ्यांच्या टाकीत मिसळावं लागेल."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी घरात गप्प बसले, म्हातारं माणूस म्हणून. पण वर आणि हवेला दोष? आमच्याकडं द्राक्षवाल्यांचं एक बरं असतं, काहीही बिघडलं की आभाळाकडं बोट दाखवायचं. एका सकाळी किटली घेऊन डेअरीवर गेले, तर मामांचं तेच पुराण चाललेलं. मग मला राहवलं नाही.

"आवं मामा, हवा लय चांगली हुती. पाणी तुमी सोडलं."

सगळी माणसं दुधाच्या कॅनकडं बघायला लागली. मामा मान खाली घालून म्हणाले, "व्हय, मीच सोडलं. पानं मान टाकून पडली हुती गं. मला न्हाई बघवलं."

मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाच जास्त राग आला. अहो, एक फोन तरी करायचा होता!

पुढं त्या वर्षीची वेगळी काढलेली वाइन बाटलीत भरली. लेबलावर गावाचं नाव आहे, पलीकडच्या गावाचं. साहेबांनी मला पेल्यात थोडी चाखायला दिली. इतकी चांगली होती, की मला दुसरा घोट घेववला नाही.