मेत्सच्या कॅथेड्रलमध्ये पंधरा मिनिटं

मंडळी, घरी येऊन तासही झाला नाही आणि अजून रागाने डोकं तापलंय.

आज जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनहून आम्ही तीन मराठी कुटुंबं फ्रान्समधल्या मेत्सला गेलो होतो. सोबत माझे सासरे, म्हणजे बाबा, होते. त्यांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. तिथल्या कॅथेड्रलच्या रंगीत काचा पाहून रंगवायला त्यांनी पुण्याहून रंगपेटी आणली होती.

पण आधी जेवण. आमच्या ग्रुपमधल्या मंदारने ठरवलेल्या रेस्टॉरंटमध्ये दोन तास गेले. किश, म्हणजे अंडी-चीजचा खारा टार्ट, उत्तम होता, तेवढं कबूल करते.

मग कॅथेड्रल. बाबांनी वहीत एका खिडकीची नुसती बाह्यरेषा काढली, तोवर मंदार म्हणाला, "काका, फोटो घ्या आणि घरी रंगवा. निघायचंय आपल्याला."

"फोटोत हा निळा येत नाही रे," बाबा म्हणाले.

तरी निघालो. आणि पार्किंगमध्ये आपला मराठी निरोप सुरू झाला. थर्मासमधला चहा, चकल्या, ग्रुप फोटो, गणपतीची कामं कोणी करायची ती चर्चा. चांगला पाऊण तास. बाबा वही मिटून गाडीत बसून होते.

मंदारवर चिडणं सोपं आहे. पण "अहो बाबा, चला ना, सगळे थांबलेत," म्हणत त्यांची रंगपेटी बंद केली ती मी.

परवा त्यांचं विमान आहे. उद्या मी रजा टाकू शकते. पण "पुन्हा जाऊ या का?" एवढं विचारायलाही तोंड उघडत नाहीये. तुम्ही माझ्या जागी असता, तर सुरुवात कशी केली असती?