परत म्हण

"परत म्हण," सर म्हणाले.

मी परत म्हटलं. "हौ."

सगळं ऑफिस हसलं. खुर्च्या फिरवून सगळ्यांनी तोंडं माझ्याकडे केली होती. सरांनी मुलाखतीत इतकंच विचारलं होतं की वेबसाइटचं काम जमेल ना. हैदराबादेत हो-ला हौ म्हणतात. रिक्षावाला म्हणतो, डॉक्टर म्हणतो, माझी माय म्हणते. त्यात हसण्यासारखं काही आहे हे मला त्या दिवशी, काचीगुड्याच्या त्या ऑफिसात कळलं. पहिल्यांदा म्हटलं ते उत्तर होतं. दुसऱ्यांदा म्हटलं ते माकडाच्या खेळातलं. हे सांगताना आजही माझी कानशिलं तापतात.

सर पुण्याचे. इथे मोठ्या कंपनीत नोकरीला आले, मग स्वतःची छोटी कंपनी काढली. गिऱ्हाइकं सगळी पुण्याकडची, म्हणून जाहिरातीत लिहिलं होतं, मराठी येणं आवश्यक. मी किती खूश झाले होते. शाळा तेलुगूत, कॉलेज इंग्रजीत. घरातली मराठी पहिल्यांदाच कुठे कामाला येणार होती.

आधी त्यांनी आडनाव विचारलं. मग मूळ गाव विचारलं. मी बिदरकडचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "हं." हा "हं" आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आडनाव ऐकून माणूस कुठे ठेवायचा ते ठरलं की तो येतो. त्यांच्या हं-ला मात्र कुणी हसलं नाही.

त्यांनी दिलेलं पान मी तिथेच बसून बनवलं. मोबाइलवर नीट उघडलं, बटणं चालली. कामात खोट नाही, असं तेच म्हणाले. मग पगार सांगितला. माझ्या आधी लागलेल्या मुलाच्या निम्मा. त्याचीही पहिलीच नोकरी. काम तेच. मी कारण विचारलं, तर अगदी गोड आवाजात म्हणाले,

"अगं, तुला क्लायंटसमोर बोलू देता येणार नाही. तू कॉलवर बस, पण माइक बंद ठेव. काही सांगायचं असेल तर मला टाइप करून दे, मी बोलेन. भाषा शुद्ध झाली की पगाराचं बघू."

वर म्हणाले, आपली मराठी माणसं म्हणून इतकं स्पष्ट सांगतोय. उद्या विचार करून ये.

कोठीच्या बाजारावरून चालत घरी, गौलीगुड्याला आले. डोक्यात हिशेब एकच. माझी माय संध्याकाळी रस्त्याच्या कडेला चूल मांडून ज्वारीच्या रोट्या विकते. तिचा उजवा खांदा गेलाय. थापणं बंद करा, असं डॉक्टर म्हणतात आणि ती हौ म्हणून पुन्हा थापायला बसते. माझी नोकरी म्हणजे तिची रस्त्यावरची चूल बंद होणं. वर्षभर मी त्यासाठी दारोदार फिरत होते. निम्मा तर निम्मा.

मायही तेच म्हणाली. "घेऊन टाक. पैला पगार बारीकच अस्तो."

मग मी तिला माइकचं आणि हसण्याचं सांगितलं. तिला नीट कळेना. तव्यावरची रोटी उलटत तिने विचारलं, "तू बोलली काय की हसले?"

"मी हौ म्हणले."

"हौच तर म्हणली. मंग काय म्हणायचं अस्तं?"

"हो म्हणायचं अस्तं, माय."

तिने रोटी तव्यावरून उतरवली. मग तोंडातल्या तोंडात तिने म्हणून बघितलं. हो. पुन्हा एकदा, हो. जीभ अडखळली तशी ओशाळं हसली आणि म्हणाली, "मी बी तसंच म्हणत जाते आता. घरात कानावर पडलं तर तुझ्या तोंडात बसंल."

मला रडू आलं नाही. संताप आला. आयुष्यभर चार भाषांच्या गिऱ्हाइकांशी ताठ मानेने बोलणारी माझी माय, आणि तिला या वयात हो म्हणायला शिकावं लागत होतं. माझा पगार कापला होता तो तिच्याकडून आलेल्या बोलण्यापायी. त्या माणसाने खुर्चीतून न उठता माझ्या मायच्या तोंडात हात घातला होता. त्याच जागी मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी गेले. सरांनी विचारलं, कधीपासून येतेस?

"नक्को," मी म्हणाले.

नको हा मराठीतलाच शब्द. या शहराने तो उचलला आणि वर एक क जास्तीचा दिला. त्यांच्या कानाला मात्र तो घाणच वाटला असणार.

"काय? परत म्हण," ते हसत म्हणाले.

"नक्को, सर. शिकाऊ म्हणून निम्मा दिला असता तर घेतला असता. अशी बोलते म्हणून कापता, तर नक्को."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू दे. असल्या तोऱ्याने नोकऱ्या मिळत नसतात, असं सर म्हणाले. खरं तेच म्हणाले.

अजून मिळालेली नाही. माय माझ्यावर चिडली होती. हातची भाकरी लाथाडली म्हणाली, आणि बरेच दिवस तिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिच्या जागी बसून आता रोट्या मी थापते. सकाळी अर्ज, संध्याकाळी तवा. माझ्या रोट्या अजून फाटतात आणि गिऱ्हाइकं कुरकुरतात. माझं चुकलं असेल, असं मला एकदाही वाटलेलं नाही. कमी पगार मला चालेल. बंद माइक चालणार नाही.

घरात हो म्हणायचं मात्र मी मायला बंद करायला लावलं. चुकून म्हणाली की मी जेवत नाही.

उद्या दुसरीकडे मुलाखत आहे. काम जमेल का, असं विचारतील. मी हौ म्हणेन. एकदाच म्हणेन.