जिवंत भेग

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या भिंतीला भेग पडली, तेव्हा तीन प्राध्यापक तिच्यासमोर येऊन उभे राहिले. स्थापत्य शिकवणाऱ्या मॅडमनी भेगेवर काचेची एक आडवी पट्टी चिकटवली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सरांनी समोर कॅमेरा लावला; रोजचे फोटो त्यांचा संगणक तपासणार होता. हवामानबदलाचा अभ्यास करणारे सर म्हणाले, "हल्ली उन्हं फार कडक झालीत. भिंत तापते, फुगते. हा उन्हाळा जाऊ दे, मग काय ते बोलू."

"पण काच कशाला?" मी विचारलं.

"भेग जिवंत असेल, म्हणजे अजून हलत असेल, तर काच तडकेल," मॅडम म्हणाल्या. "मेलेली असेल तर काळजी नाही. लिंपून टाकायची."

तेव्हापासून पुस्तक घ्यायला गेलो की आधी काचेकडे बघतो. भिंतीतली भेग मेलेलीच निघावी, असं मनापासून वाटतं. माणसांचं मात्र उलटं असावं. धाकट्या भावाचं आणि माझं बोलणं कधीचं बंद आहे. सगळं लिंपून झालंय, असंच मी धरून चाललो होतो. काल कुणीतरी सहज त्याचं नाव काढलं.

आत कुठेतरी बारीकसं तडकलं. मला बरं वाटलं.