फोर्स आहे का?

आमच्या मुलुंडच्या जुन्या बिल्डिंगीत 'फोर्स' हा इंग्रजी शब्द फक्त नळाच्या पाण्यासाठी होता. 'प्रवाह' शाळेच्या पुस्तकात राहिला, घरात तो कुणी उच्चारला नाही. सकाळी पाणी आलं की आई गॅलरीतून वरच्या मजल्यावरच्या काकूंना ओरडून विचारायची, "फोर्स आहे का गं?" खाली कुणी चोरून मोटर लावली की वर पाणी चढायचं नाही आणि मग जी भांडणं व्हायची, ती विचारू नका.

आता त्याच जागेवर टॉवर झालाय. पाणी दिवसभर असतं. तरी आई रोज सकाळी इंटरकॉम उचलते आणि त्याच काकूंना तेच विचारते. काका गेल्यापासून काकू एकट्या राहतात.

परवा डबा भरता भरता मी भडकलेच. "आई, बस झालं! टाकीचं पाणी आहे, फोर्स रोज सारखाच असणार ना!"

आईने शांतपणे रिसिव्हर ठेवला.

"मला कळत नाही होय? मग सकाळी उठून काय विचारू तिला? जिवंत आहेस का, असं विचारू?"