इंजिन जागं होण्याआधी

चार वर्षं मी एका क्षणावर काम करत होते. पुण्याजवळच्या कारखान्यात आमची गाडी तयार होत होती. लांबलचक, महागडी, प्लग-इन हायब्रिड. घरी प्लगला लावून चार्ज करायची, गावात बॅटरीवर फिरवायची, आणि चढ लागला किंवा बॅटरी उतरली की पेट्रोलचं इंजिन आपणहून चालू होणार. ते ज्या क्षणी चालू होतं, तो क्षण माझ्या वाट्याला आला होता. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला तो कळता कामा नये, एवढंच माझं काम. कुणी विचारलं की मला नीट सांगताही यायचं नाही. जे कुणाला जाणवू नये, त्यासाठी मी दिवसभर राबते, असं कसं सांगणार?

पुण्यात ते जमलंही होतं. मग उन्हाळ्याच्या चाचण्या आल्या. कडक ऊन, बऱ्यापैकी रस्ता आणि जवळ घाट, असं ठिकाण हवं होतं. मी बैठकीत बऱ्हाणपूरचं नाव घेतलं. मे महिन्यात तिथे दुपारी लोखंडी फाटकाला हात लावता येत नाही, हे मी लहानपणापासून जाणत होते. आमचे प्रमुख नकाशा बघून म्हणाले, "चालेल. तुम्हाला घरही बघता येईल."

घरात बाबा एकटेच होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबांनी सगळी नोकरी बऱ्हाणपूरजवळच्या कागदाच्या कारखान्यात काढली. माझं लहानपण तिथल्याच क्वार्टरमध्ये गेलं, आणि निवृत्तीनंतर त्यांनी बऱ्हाणपुरात दोन खोल्यांचं घर घेतलं. यंत्रांच्या घरघरीत तीस-पस्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांचे कान जवळजवळ गेले होते. फोनवर आम्ही फारसं बोलायचो नाही. मी ओरडायची, ते "हो हो" म्हणायचे, आणि दोघंही काहीतरी कळल्यासारखं करून फोन ठेवायचो.

गाडीवर काळ्यापांढऱ्या नक्षीचे स्टिकर लावले होते, तिचा आकार कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. ती आमच्या गल्लीत शिरली आणि बाबा बाहेर आले. गाडी बॅटरीवर होती, त्यामुळे आवाज असा नव्हताच. पण त्यांना तसाही तो आला नसता. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"बंद आहे का?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"चालू आहे, बाबा!"

"असं का," ते म्हणाले, आणि हात तसाच राहू दिला.

पहिले चार दिवस आम्ही दापोऱ्याच्या बाजूला केळीच्या बागांमधून फिरलो, मग असीरगडच्या घाटात. गाडीत माझ्याबरोबर चालवणारा सहकारी असायचा. तो पुण्याचा होता, मितभाषी, आणि गाडी अशी हाकायचा की मांडीवरच्या पेल्यातलं पाणी हलू नये. काचेबाहेर ऊन डांबरावर तरंगत असायचं. दूरचा रस्ता ओला दिसायचा आणि जवळ गेलं की कोरडा. केळीची पानं दोन्ही बाजूंनी संथ हलायची आणि आतमध्ये थंड, गच्च शांतता. त्या शांततेत कधीकधी वाटायचं, आपण पाण्याखालून चाललोय.

आणि तरी काहीतरी खटकत होतं. कंपन मोजणारी यंत्रं म्हणत होती सगळं मर्यादेत आहे. आवाज टिपणारे माइकही तेच सांगत होते. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी आमचे प्रमुख स्वतः मागे बसले आणि उतरताना म्हणाले, "पुण्यासारखं नाही वाटत. काय ते मला सांगता येत नाही." मलाही सांगता येत नव्हतं. मी कान देऊन ऐकायची, आणि इंजिन चालू झाल्याचा आवाज मात्र अगदी मऊ, हवा तसा यायचा.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी वहीत लिहून दाखवलं. आमचं महत्त्वाचं बोलणं आताशा असंच व्हायचं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मला बसव."

बाहेरच्या माणसाला गाडीत बसवायची परवानगी नव्हती. प्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "गुप्ततेच्या कागदावर त्यांची सही घ्या." दुसऱ्या दिवशी बाबांनी तो कागद आधी दोन बोटांत चोळून पाहिला, उजेडात धरला, "चांगला आहे," असं कागदाबद्दल म्हणाले, आणि मजकूर न वाचता सही केली.

आम्ही दुपारी निघालो. बाबा मागच्या सीटवर, दोन्ही तळहात गादीवर टेकवून, डोळे मिटून. मी त्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन. ठरलं असं की काही जाणवलं की त्यांनी बोट वर करायचं. तापीवरचा पूल ओलांडून जैनाबादच्या अंगाला गेलो. गाडी बॅटरीवर होती. चढावर माझ्या सहकाऱ्याने पाय दाबला, आणि बाबांचं बोट वर गेलं.

मी पडद्याकडे पाहिलं. इंजिन अजून चालूच झालं नव्हतं. ते त्यानंतर झालं, डोळ्याची पापणी लवावी इतक्या वेळाने.

"चुकून झालं असेल," सहकारी म्हणाला.

आम्ही परत फिरलो, पुन्हा तोच चढ घेतला. पुन्हा बोट. पुन्हा इंजिनाच्या आधी. सातव्या वेळीही तेच. मी वही पुढे केली: इंजिन नंतर चालू होतंय. तुम्हाला आधी काय कळतं?

बाबांनी डोळे उघडले. "गाडी थोडी मागे राहते," ते म्हणाले. "जरासंच. चालता माणूस काही आठवलं की पाऊल रोखतो ना, तसं. मग पुढे जाते."

"आवाज?" मी कानाकडे बोट केलं.

"आवाजाचं मला काय विचारते, बेटा? आवाज मला येतो कुठे?" ते हसले. "मशीनवर कागद फाटायच्या आधी रोलर असाच अडखळायचा. मशीनच्या सांगाड्यावर हात असला की कळायचं. नवी पोरं आवाज ऐकत बसायची. आवाज येईपर्यंत कागद फाटलेला असायचा."

गाडी कडेला बाभळीच्या सावलीत लावली आणि मी आकडे उघडले. आम्ही चार वर्षं इंजिन चालू झाल्यानंतरचा भाग तपासत होतो. त्याच्या आधीचा कुणी बघितलाच नव्हता. चाकं फिरवणारी विजेची मोटारच इंजिनला धक्का देऊन जागं करते, आणि त्यासाठी दोघांमधला क्लच जुळावा लागतो. बऱ्हाणपूरच्या उन्हात क्लचचं तेल पातळ होत होतं, तो ठरल्यापेक्षा लवकर धरत होता, आणि मोटारीची थोडी ताकद चाकांकडून तिकडे जात होती. पडद्यावरच्या रेषेत एक बारीकसा खळगा दिसत होता. प्रत्येक वेळी, बाबांच्या बोटाच्या जागी.

सहकारी मागे वळून बाबांकडे बघत राहिला. मग त्याने हात जोडले. बाबांना कळलं नाही कशासाठी, पण त्यांनीही जोडले.

मी रडले. त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून खिडकीकडे तोंड केलं. चूक सापडल्याचा आनंद होताच. पण एवढ्या वर्षांत बाबा त्या कारखान्यात नेमकं काय करायचे, ते मी एकदाही विचारलं नव्हतं. घरी येऊन जेवून झोपणारा माणूस, एवढंच मला ठाऊक होतं.

परतताना इतवाऱ्याच्या बाजारात थांबून आम्ही दराबा, तिथली रव्याची मिठाई, घेतला. रस्त्यात बाबा मोठ्या आवाजात रोलरांबद्दल सांगत होते, ओल्या कागदाबद्दल, वाफेबद्दल, आणि सहकारी मधूनमधून प्रश्न विचारत होता. मी ते वहीत लिहून बाबांना दाखवत होते. किती पानं भरली कुणास ठाऊक.

दुरुस्तीला वर्ष गेलं. तेलाच्या तापमानाप्रमाणे क्लच कधी धरेल ते नव्याने बसवावं लागलं, आणि मोटारीने तेवढी ताकद आधीच वाढवायची हे तिला शिकवावं लागलं. पुढच्या मे महिन्यात आम्ही तीच गाडी घेऊन पुन्हा आलो.

बाबा तसेच बसले, तळहात टेकवून. पूल गेला. चढ आला. पडद्यावर इंजिन चालू झाल्याची खूण उमटली. बोट हललं नाही. आम्ही वळलो, पुन्हा चढलो. ऊन रस्त्यावर तरंगत होतं आणि केळीच्या रांगा दोन्हीकडून मागे सरकत होत्या, कुणीतरी हिरवं कापड उलगडत न्यावं तशा. पाचव्या फेरीत मी बाबांना विचारायला वही उघडली, तर त्यांची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. ते गाढ झोपले होते.

घराकडचा फाटा जवळ आला. सहकाऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "वळवू?"

"नको," मी म्हणाले. "अजून थोडं पुढे जाऊ दे."